अंधारात बसलेला प्रेक्षक कसा ऐकायचा

सिनेमा संपल्यावर दारात उभं राहून "कसा वाटला?" असं विचारू नका. खान्देशात चोपड्याला माझ्या सिनेमाचा पहिला शो झाला, त्यानंतर मी तेच केलं. चौसष्ट माणसं माझ्यासमोरून गेली आणि चौसष्ट जणांनी "छान होता" म्हटलं. त्यातली निम्मी तरी मधल्या पंधरा मिनिटांत मोबाईल काढून बसली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्याकडे कोणी घरी बोलावून जेवू घातलं, तर भाजी खारट झाली असं तोंडावर कोण सांगतं? सिनेमाचंही तसंच आहे. तो कसा वाटला ते लोक नंतर तोंडाने सांगत नाहीत, पडद्यासमोर बसलेले असताना अंगाने सांगतात, आणि ते टिपायची तयारी आधीच करून ठेवावी लागते.

मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. मोकळ्या महिन्यांत चुलतभावांना आणि गल्लीतल्या लोकांना घेऊन चोपन्न मिनिटांचा एक सिनेमा केला. रात्रीची लाईट असते म्हणून केळीला पाणी द्यायला गेलेला एक सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. त्याच्या चहात धोतऱ्याच्या बिया पडतात, आणि पहाटेपर्यंत केळीचा मळा त्याच्याशी बोलत राहतो. मागे कोयता घेतलेला मालक. रक्त म्हणजे गुळाचा पाक आणि लाल खाण्याचा रंग, त्यामुळे शूटिंगभर मुंग्या. मांडववाल्याकडून लाल-हिरवा जिलेटिन कागद आणला, सलूनमधल्या आरशाच्या तीन पट्ट्या पाईपात बसवून मोबाईलच्या लेन्सपुढे धरल्या. त्यातून एका केळीच्या शंभर केळी होतात आणि फिरायला लागतात.

ज्या जातीचा हा सिनेमा आहे तिला ग्राइंडहाऊस म्हणतात. न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावर स्वस्त थिएटरं होती. एका तिकिटात दोन-दोन सिनेमे, दिवसभर चालू. प्रिंट गावोगाव फिरून ओरखडलेल्या, मधले तुकडे गायब. मारामारी, भुतं, रक्त, नशा, जे मोठ्या थिएटरात चालणार नाही ते तिथे चालायचं. असा सिनेमा तुम्ही केला असेल किंवा चार लोकांना बोलावून दाखवणार असाल, तर पुढचं वाचा.

आधी जिवाची काळजी. झगमगत्या दिव्यांनी काही लोकांना फिट येऊ शकते. जपानमध्ये डिसेंबर 1997 मध्ये मुलांच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा उजेड वेगाने लुकलुकला आणि सहाशेहून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. म्हणून एका सेकंदात तीनपेक्षा जास्त झगमगाट ठेवू नका, लाल तर नकोच. माझ्या मळ्याच्या सीनमध्ये डीजेवाल्याचा लाईट सेकंदाला आठ-नऊ वेळा लुकलुकत होता. मी तो एडिटमध्ये हळू केला आणि सीनचं काहीही बिघडलं नाही. तरीही शोआधी तोंडाने सांगा: फिट येत असेल तर बसू नका, डोळ्यांना त्रास झाला तर बाहेर या. दुसरं, धोतरा. त्यात ॲट्रोपिन आणि स्कोपोलामिन असतं. माणूस भ्रमिष्ट होतो, अंग तापतं, जीव जाऊ शकतो. पडद्यावर ते रंगीत दिसतं, म्हणून पहिल्या पाटीवरच मोठ्या अक्षरात लिहिलं की हे विष आहे. शहाद्याच्या दुसऱ्या शोत मागे बसलेली कॉलेजची पोरं एकमेकांना बिया कुठे मिळतात ते विचारत होती. त्यानंतर ती पाटी मी शेवटीही लावली.

आमचे दोन्ही शो विनातिकीट होते, बोलावलेल्या लोकांपुरते. लोकांना सरसकट दाखवायचा असेल तर 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. 2023 च्या दुरुस्तीनंतर यूएमध्ये, म्हणजे मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायच्या सिनेमांत, 7, 13 आणि 16 वर्षांचे वेगळे गट झाले आहेत. वेळेचंही बघा. असा सिनेमा मध्यरात्री दाखवायची हौस सगळ्यांना असते. न्यूयॉर्कच्या एल्गिन थिएटरात 1970 च्या डिसेंबरपासून 'एल टोपो' नावाचा एक विचित्र सिनेमा मध्यरात्रीच लागायचा. जाहिरात जवळपास नाही, एकाने दुसऱ्याला सांगायचं, आणि तो कित्येक महिने चालला. आपल्याकडे मोकळ्यावर रात्री दहानंतर स्पीकर लावता येत नाही, आणि मे महिन्यात खान्देशात साडेसातच्या आधी पडद्यावर काही दिसत नाही. मोकळ्या मैदानात तुमच्या हातात फार तर अडीच तास. मी कापसाच्या जिनिंगचं रिकामं गोडाऊन घेतलं. पत्र्यामुळे आवाज घुमत होता, म्हणून मागच्या भिंतीला सतरंज्या टांगल्या.

आता मुख्य काम. एका माणसाला पडद्याच्या बाजूला, प्रेक्षकांकडे तोंड करून बसवा. त्याने सिनेमा अजिबात बघायचा नाही. हातात घड्याळ आणि वही. मोबाईल काढला की चेहऱ्यावर खालून उजेड पडतो, तो अंधारात लगेच दिसतो. दर दोन मिनिटांनी किती चेहरे उजळले तेवढाच आकडा लिहायचा. कोण उठलं, कोण परत आलं, तेही लिहायचं. पाणी प्यायला उठलेला माणूस परत येतो, कंटाळून उठलेला दारात उभा राहून बोलत बसतो. माझ्याकडे हे काम मावसबहिणीने केलं. ती बँकेत कॅशियर आहे आणि तिचे आकडे चुकत नाहीत.

दुसरं, आवाज रेकॉर्ड करा. एक फोन तिसऱ्या रांगेच्या खुर्चीखाली, एक मागे. लोकांना आधी सांगून करा. चोरून केलेलं रेकॉर्डिंग कोणाला कळलं तर पुढच्या शोला कोणी येणार नाही, आणि ते बरोबरही नाही. आपला आवाज टेप होतोय हे लोक पाच मिनिटांत विसरतात. सिनेमा सुरू होताना जोरात एक टाळी वाजवा. नंतर एडिटिंगमध्ये ती टाळी सिनेमाच्या पहिल्या फ्रेमला जुळवली की प्रेक्षकांचा आवाज सिनेमाच्या बरोबर खाली अंथरला जातो.

हे मी पहिल्यांदा केलं ती रात्र मला आठवते. वर माझा सिनेमा, खाली लोकांच्या आवाजाची निळी पट्टी. हसू आलं की पट्टी मक्याच्या कणसासारखी फुगते, शिट्टी बारीक उभी सुई दिसते. तेवीस मिनिटं चाळीस सेकंदांवर मालक केळीचा घड कोयत्याने उतरवतो आणि आतून लाल पाक ओततो. तिथे पट्टीवर काहीच नव्हतं. आवाज वाढवून ऐकलं तर आधी खुर्च्यांची करकर, मग एका बाईचं "मायऽऽ वं", मग चार सेकंद पंख्याशिवाय कसलाच आवाज नाही. चौसष्ट माणसांनी श्वास रोखला होता. पुढे एकतिसाव्या मिनिटाला सालदार मळ्यात गोल फिरतो तिथेही शांतताच होती, पण तिच्यात खोकला होता, पिशवीची कुरकुर होती, "किती वाजले?" होतं. मावसबहिणीच्या वहीत त्या मिनिटापुढे सतरा मोबाईल. शांतता दोन प्रकारची असते, आणि खोकला ऐकला की कुठली ते कळतं.

हसण्याचं मात्र नीट बघा, कारण तिथेच सगळे फसतात. आमचा मालक झालेत गल्लीतले किराणावाले नाना. ते पडद्यावर आले आणि गोडाऊन हसून पडलं. कोयता उचलला तरी हसू. "नाना, उधारी मांगाले उनात का?" असं मागून कोणी ओरडलं, त्यावर परत हसू. नाना पहिल्या रांगेत होते. मध्यंतरात चहा न घेता ते घरी गेले. मला वाटलं सीन फसला, पुन्हा शूट करावा लागणार.

तसं करू नका. ओळखीचा माणूस पडद्यावर दिसला की पहिली दहा मिनिटं लोक सिनेमा बघतच नाहीत, त्या माणसाला बघतात. गावातल्या शोची पहिली दहा मिनिटं हिशेबात धरू नका, आणि दुसरा शो अशा गावात करा जिथे तुमच्या नटांना कोणी ओळखत नाही. आम्ही शिरपूरमार्गे शहाद्याला गेलो. एका ओळखीच्यांच्या मंगल कार्यालयात बावन्न लोक. नाना कोयता घेऊन आले आणि चिडीचूप. बारक्या पोराने आईच्या पदरात तोंड घातलं. एक म्हातारे बाबा पडद्याला म्हणाले, "पळ ना भो, पळ!" सीन तोच, कोयता तोच. दोन्ही गावांच्या पट्ट्या एकाखाली एक लावल्या तेव्हा दिसलं: चोपड्यातलं हसू नाना चौकटीत येतात त्या क्षणालाच येतं, ते काही करण्याच्या आधी. असं आधी येणारं हसू माणसाला असतं, सीनला नसतं. भीतीचं हसू दचकल्यानंतर एखाद्या सेकंदाने येतं आणि त्यात सुटका असते. आणि प्रेक्षक शेजाऱ्याकडे बघून हसला तर त्याला संकोच वाटलेला असतो. माझ्या सिनेमात तसं एका ठिकाणी झालं, सालदाराच्या बायकोच्या सीनला. बायका खाली बघत होत्या, पुरुष एकमेकांकडे. तो सीन मी काढून टाकला.

प्रिंट खराब असल्याचा जो खेळ या सिनेमांत करतात, त्याने माझी मोठी पंचाईत केली. ओरखडे, उड्या, मध्येच "रीळ गहाळ" अशी पाटी. 2007 मध्ये अमेरिकेत रॉड्रिगेझ आणि टॅरंटिनो या दिग्दर्शकांनी 'ग्राइंडहाऊस' नावाने दोन सिनेमे जोडून, मध्ये खोट्या ट्रेलरी आणि गहाळ रिळांच्या पाट्या लावून आणला, तेव्हा तिथलेही काही प्रेक्षक पहिला सिनेमा संपल्यावर खेळच संपला असं समजून उठून घरी गेले होते. चोपड्यात ओरखडे दिसताच प्रोजेक्टरवाल्याने उठून सिनेमा थांबवला आणि पेनड्राइव्ह काढून फुंकर मारली. तरुण पोरं "फाईल करप्ट आहे" म्हणाली. पण मागे बसलेले पन्नाशीच्या पुढचे लोक शिट्ट्या मारत होते, खुशीत. त्यांनी जत्रेतल्या तंबूत रीळ तुटताना पाहिलेलं आहे. तुटली की शिट्टी मारायची हे त्यांच्या हाडात आहे. मग मी सुरुवातीलाच अर्धा मिनिट प्रोजेक्टरची खरखर, जळणारी फिल्म आणि तंबूवाल्याची हाक टाकली. शहाद्याला पोरांनीही शिट्ट्या मारल्या. प्रेक्षकाला खेळाचा नियम पहिल्या मिनिटात कळला पाहिजे, नाहीतर तो बिघाडच समजणार. आणि प्रोजेक्टरवाल्याला पूर्ण सिनेमा आधी एकदा दाखवा.

सगळ्यात जास्त मला शिकवलं ते म्हाताऱ्या बायकांनी. केळी फिरतात, रंग वितळतात, सालदार घुमायला लागतो, तिथे कॉलेजची पोरं गोंधळली होती. माझी फुई, म्हणजे आत्या, आणि तिच्या सोबतच्या बायका मात्र पुढे सरकून बसल्या होत्या. रेकॉर्डिंगमध्ये फुई हळूच म्हणते, "आंगमा उनं त्याना." अंगात आलं त्याच्या. श्रावणात आमच्याकडच्या कानबाई देवीच्या जागराला रात्रभर गाणी, डफ, घुमणं हे तिने लहानपणापासून पाहिलंय. मला जो नशेचा सीन वाटत होता तो तिला देवीचा होता, आणि तिला तो समजावून सांगायची गरजच नव्हती. मागे मी सिंथेसायझरचा परदेशी वाटणारा आवाज लावला होता. तो काढून डफ घातला. शहाद्याला एकतिसाव्या मिनिटाला सतराच्या जागी सहा मोबाईल.

म्हणून लोक जे बोलतात ते जसंच्या तसं लिहा. आमच्या खान्देशातल्या अहिराणी बोलीत बोललं तर अहिराणीत लिहा, त्याचं शुद्ध मराठी करू नका. एक पोरगा म्हणाला, "मले काहीच समजनं नही, पन मजा उनी." याचं "सिनेमा दुर्बोध पण रंजक वाटला" असं केलं की त्यातला जीव गेला.

नंतर विचारायचंच असेल तर चिठ्ठी द्या, नाव न लिहिता, दोनच प्रश्न. उद्या घरी कोणता एक सीन सांगाल? मोबाईल कधी बघावासा वाटला? तारे आणि गुण मागू नका, सगळे आठ देतात. आणि तीन-चार दिवसांनी ओळखीच्या चार जणांकडे चहाला जा आणि "गोष्ट सांगा ना" म्हणा. ते गोष्ट सांगताना जे गाळतात ते सिनेमातही बहुतेक गाळता येतं. आमच्याकडे सगळ्यांनी सालदाराचा भाऊ गाळला. मी त्याची चार मिनिटं कापली. पण एकाच माणसाने तक्रार केली म्हणून काही कापू नका. दोन्ही गावांत, एकाच मिनिटाला, वहीत आणि पट्टीवर दोन्हीकडे दिसलं तरच कात्री लावा.

शेवटचं काम, नटांना घरी जाऊन सांगणं. व्हॉट्सॲपवर नाही. मी शहाद्याची पट्टी लॅपटॉपवर घेऊन नानांच्या दुकानात गेले. संध्याकाळची गर्दी होती, त्यांनी मला पोत्यावर बसवलं. त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि ते कोयता घेऊन येतात तिथपासून ऐकवलं. करकर, बाबांचं "पळ ना भो", मग चिडीचूप. नानांनी हेडफोन काढला नाही. एका गिऱ्हाइकाने साखर मागितली तर हाताने थांब म्हणाले.

"कोनीच हासनं नही?"

"कोणीच नाही, नाना."

"परत लाव," ते म्हणाले, आणि आवाज स्वतःच वाढवला.