शेजारचा कुत्रा अंगणात यायचा, त्याचं काय केलं

मागच्या कुंपणाची जाळी खालून उचकटून शेजारचा रॉटवायलर थेट तुळशीपाशी यायचा. कान मागे, ओठ वर, घशात गुरगुर. अशा वेळी पळायचं नाही, डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. तिरकं उभं राहून हळूहळू मागे सरकायचं. आई धुण्याची बादली पुढे धरून सरकायची, तेही उत्तम.

त्याच्या मालकाचं, शेजारच्या काकांचं, ठरलेलं उत्तर, "काही करत नाही हो तो!" (घरच्यांना नाहीच करत.) मग मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवले आणि आवाज न चढवता सांगितलं की भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली प्राण्याबाबतच्या हलगर्जीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. काकूंना पटलं. काका अजून घुश्शात आहेत, असोत.

खरा गुण आला तो जाळीमुळे. चर खणून तिचा खालचा काठ वीतभर पुरला, वर चिरे दाबले. खर्च निम्मा-निम्मा. रेबीजच्या लशीचं कार्डही बघून घेतलं. तरी चावलाच, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद-चुना लावत बसायचं नाही.