नवरी गाडीत बसते आणि डीव्हीडी अडकते

२००८ च्या लग्नसराईत मी पाचोऱ्याला एका फोटो स्टुडिओत एडिटिंग शिकत होतो. पहिल्याच लग्नाच्या पाच डीव्हीडी काढल्या. कॉम्प्युटरवर झकास चालल्या. तिसऱ्या दिवशी वरबाप दारात: "भो, तुनी सीडी चालत नही ना!" त्यांच्या प्लेयरवर नुसतं 'नो डिस्क'.

मी व्हिडिओ_टीएस फोल्डर (डीव्हीडीचं चित्र-आवाज यातच असतं) साध्या डेटा डिस्कसारखं टाकलं होतं, वर सेशनही उघडं ठेवलेलं, म्हणजे डिस्क लिहून बंद केली नव्हती. कॉम्प्युटर समजून घेतो, टीव्हीखालचा प्लेयर नाही. बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये 'डीव्हीडी-व्हिडिओ' हाच पर्याय घ्यायचा आणि डिस्क फायनलाइज, म्हणजे कायमची बंद, करायची.

जुन्या कॅसेटींच्या डीव्हीडी करून घ्यायला लोक आजही येतात, म्हणून नव्या पोरांना सांगतो. आपल्याकडे टीव्हीची पाल पद्धत: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. प्रोजेक्ट चुकून अमेरिकेकडच्या एनटीएससी पद्धतीत उघडला, तर वरातीतले नाचे झटके खात नाचतात. मिनी डीव्ही कॅसेटचं फुटेज 'लोअर फील्ड फर्स्ट' असतं, म्हणजे फ्रेममधल्या एकाआड एक ओळींच्या दोन संचांपैकी खालचा आधी दाखवायचा. सेटिंग उलटं पडलं की हललेली प्रत्येक वस्तू थरथरते. संगणकाच्या पडद्यावर हे बऱ्याचदा दिसतच नाही, मी दोनदा फसलो. गाण्यांच्या सीडीचा आवाज ४४.१ किलोहर्ट्झ, डीव्हीडीला ४८ लागतो. तो बदलून घ्या.

खरी मारामारी बिटरेटची, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा वापरायचा त्याची. ४.७ जीबीच्या डिस्कवर दोन तास बसवायचे तर चित्र-आवाज मिळून सरासरी जेमतेम ५.२ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) मिळतात. मी चित्राला ४.८ देतो. डीव्हीडीच्या नियमात चित्राला कमाल ९.८ चालतात, पण बर्न केलेल्या डिस्कवर स्वस्तातले प्लेयर तिथे धापा टाकतात, म्हणून मी ८ च्या वर जात नाही. हळदीपासून सगळं तीन तासांचं हवं असेल तर सरळ दोन डिस्क द्या. गिऱ्हाईक कुरकुर करेल, करू द्या.

कोऱ्या डिस्कमध्ये जुन्या प्लेयरना डीव्हीडी-आर जास्त मानवते. दुसऱ्या प्रकारची, डीव्हीडी प्लस-आरच असेल आणि रायटर करू देत असेल, तर बुकटाइप (डिस्कचा प्रकार प्लेयरला सांगणारी खूण) डीव्हीडी-रॉम करा. १६ एक्सच्या, म्हणजे १६ पट वेगाच्या, डिस्कवर मी ८ एक्सनेच लिहितो. नवरा-नवरीच्या फोटोचं चिकट लेबल मात्र कुणी कितीही मागितलं तरी लावू नका. डिस्क फिरताना डगमगते, आणि मे महिन्यातल्या जळगावच्या उन्हात डिंक सुटतो तो वेगळाच.

लिखाण आतून बाहेर जातं, म्हणून डिस्क भरलेली असली की बिघाड सहसा शेवटी, कडेला निघतो. नेमकी पाठवणी तिथेच असते. नवरी गाडीत बसते, आई पदर डोळ्यांना लावते आणि चित्र गोठतं. म्हणून भंगारातून दीडशे रुपयांना आणलेला एक कुरकुरणारा प्लेयर मी काउंटरवर ठेवलाय. प्रत्येक डिस्क त्यात घालतो आणि सुरुवात न बघता आधी पाठवणी लावतो.