जुना रंग खरवडण्याआधी खिडकी उघडून पाहा

घर जुनं असेल आणि रंगाचे थरावर थर चढलेले असतील, तर त्या रंगात शिसं (लहान मुलांना घातक असा विषारी धातू) असू शकतं. त्याचा शोध भिंतीपासून नको, खिडकीपासून सुरू करा. उघडताना-मिटताना पल्ला चौकटीला जिथे घासतो, तिथल्या खाचेत बारीक भुकटी साचते. रांगतं मूल तिथेच हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. पोपडे तर दिसतात, ही भुकटी दिसत नाही.

नुसत्या नजरेने खात्री होत नाही. थेट लाकडापर्यंतच्या सगळ्या थरांसकट एक छोटा तुकडा प्रयोगशाळेत द्या. शिसं बहुधा तळच्या थरात दडलेलं असतं.

शाबूत रंग उगाच उकरू नका, त्यावर पक्कं आवरण चालतं. घासणाऱ्या पल्ल्यावर मात्र ते टिकत नाही. तो पल्ला बदललेलाच बरा. खरवडायचंच असेल तर पाणी फवारून, ओलं खरवडा. कोरडा सँडपेपर नको, ब्लो टॉर्च तर नकोच. काम चालू असेपर्यंत मुलं आणि गरोदर बाई दुसरीकडे राहू द्या. शेवटी झाडू मारू नका (हमखास होणारी चूक!), ओल्या फडक्याने पुसा. लहान मुलाच्या रक्तातलं शिसं तपासण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.