साथीच्या काळात मधुमेह: घरी काय तपासायचे, बाहेर कशासाठी जायचे

रोजची साखर घरी ग्लुकोमीटरवर मोजा. त्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. बोटावर ओले सॅनिटायझर किंवा केळी-आंब्याचा अंश राहिला तर आकडा चुकतो, आणि चुकलेल्या आकड्यावर इन्सुलिन वाढवणे धोक्याचे. टोचायचे ते बोटाच्या कडेला. तिथे कमी दुखते. आकडा, वेळ, जेवणाआधी की नंतर, हे वहीत लिहा, म्हणजे डॉक्टरांना फोनवर नीट सांगता येते.

एचबीए१सी (मागच्या साधारण 3 महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) मात्र दर 3 महिन्यांनी प्रयोगशाळेतच. उपाशी जावे लागत नाही, त्यामुळे गर्दी नसलेली दुपार गाठा. डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड वर्षातून एकदा. तळपाय रोज आरशात पाहा. जखम किंवा काळेपणा दिसला तर साथ असो-नसो, त्याच दिवशी दवाखाना.

जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात इन्सुलिन लवकर बिघडते. नवी कुपी फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांवर ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्या. वीज गेली तर कुपी पिशवीत घट्ट बांधून ओल्या वाळूत बसवलेल्या मडक्यात ठेवा.

ताप आल्यावर जेवण कमी झाले तरी साखर वाढू शकते. स्टेरॉइडने तर हमखास. इन्सुलिन मनाने बंद करू नका, दर 4 तासांनी मोजा. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी जात नसेल तर पातळ पेज घ्या. साखर 70 च्या खाली गेली तर 3 चमचे साखर पाण्यातून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. उलट्या थांबत नसतील किंवा धाप लागली तर लगेच रुग्णालय गाठा.