पावसाळ्यात कोकणात कॅम्परव्हॅन ठेवताय? या चुका टाळा

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, कामं सुरू झाली की कॅम्परव्हॅन (झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी) कुठे लावायची हा प्रश्न येतो, आणि बहुतेक जण डोक्यावर छप्पर आहे ना, एवढंच बघतात. कोकणात अशी गाडी वरच्या पावसापेक्षा खालच्या ओलीने आणि कोंडलेल्या दमट हवेने जास्त खराब होते. रत्नागिरीत हंगामाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यात खारं वारं. म्हणून आधी जमीन बघा, मग हवा, छप्पर त्यानंतर.

मे महिन्यात बघून जागा ठरवणं

मे महिन्यात वहाळ कोरडा असतो आणि खाडीकाठची सपाट जागा फार सोयीची वाटते. जुलैत मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की खाडीकडे जाणारं पाणी तुंबतं आणि मागे चढतं. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलं. जागामालकाच्या शब्दावर थांबू नका. शेजारच्या घरातल्या आजींना विचारा, त्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं? भिंतीवरची खूण त्या बोटाने दाखवतील. उताराची, चिऱ्याची किंवा काँक्रीटची जमीन घ्या. गवतावर, मातीवर गाडी लावली तर ओल चार महिने पत्र्याला खालून खात राहते.

बंदिस्त शेडला भुलणं

चारी बाजूंनी बंद गोडाऊन सुरक्षित वाटतं, पण आत वारा फिरत नाही. गाद्यांना, प्लायवूडच्या कपाटांना बुरशी धरते आणि तो वास नंतर काही केल्या जात नाही. दोन बाजूंनी उघडी, पण तोंड पश्चिमेला नसलेली शेड बरी, कारण पावसाळी वारा नैर्ऋत्येकडूनच झोडपतो. पत्रे नुसत्या खिळ्यांवर आहेत की नीट बोल्टने आवळलेत, हेही बघा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, दापोलीकडे घरांचे पत्रे कागदासारखे उडाले होते.

शेड मिळालीच नाही तर? तरीही प्लॅस्टिकची ताडपत्री गाडीवर घट्ट गुंडाळू नका. आत घाम धरतो, आणि फडफडणारी कड रंग घासून काढते. गाडीच्या वर, हातभर अंतर ठेवून मांडव घाला. माडाखाली मात्र नको. एक नारळ छताच्या काचेला पुरतो.

खारटपणा तसाच ठेवून गाडी बंद करणं

किनाऱ्यावर फिरवलेली गाडी गोड्या पाण्याने खालून धुवा, ब्रेक आणि चासीसकट. खाडीजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर धुऊन उपयोग नाही. मग दोन-तीन कडक उन्हं दाखवून पूर्ण वाळवा. छताचे सांधे याच वेळी तपासून सीलंट भरा. जूनमध्ये ओल्यावर ते धरत नाही.

गाडी लावून विसरणं

हँडब्रेक ओढून ठेवला तर गंजून चिकटतो. गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावा. पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा, गॅस सिलिंडर उतरवा, फ्रिजचं दार किलकिलं ठेवा. शेजारी भाताचा पेंढा रचलेला असेल तर उंदीर वायरिंगवर येणारच, आणि उंदरांमागे साप. ती जागा सोडाच.

पावसाने उघडीप दिली की दारं-खिडक्या उघडणारं, बॅटरी बघणारं माणूस गावात हवंच. माझ्या मते भाड्यात घासाघीस करण्यापेक्षा हे माणूस शोधण्यात वेळ घालवा. लेड-ॲसिड बॅटरी चार्जिंगला नसताना आणि तिच्यावर काही चालू नसताना १२.४ व्होल्टच्या खाली दिसली तर लगेच चार्ज करायला सांगा. नुसतं पाच मिनिटं इंजिन सुरू करून ठेवल्याने ती भरत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साचतं.

आणि गाडीत पाणी शिरलंच, तर चावी फिरवू नका. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी असेल तर आतले रॉड वाकतात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, फोटो घ्या, विमा कंपनीला कळवा आणि गाडी टोइंगने वर्कशॉपला न्या.