लिनक्सवर व्ही३ लायब्ररी टाकताय? या चुका टाळा

व्ही३ लायब्ररी म्हणजे एव्हीएक्स२ वगैरे नव्या इन्स्ट्रक्शन येणाऱ्या सीपीयूसाठीच कंपाइल केलेली लायब्ररी. पहिली चूक माझीच. रायझन ७००० वर झेडलिब (कॉम्प्रेशनची लायब्ररी) स्वतः कंपाइल केली, मार्च नेटिव्हचा फ्लॅग लावून (म्हणजे 'याच सीपीयूसाठी बनव'), आणि सिस्टीमच्या मूळ फाइलवरच कॉपी मारली. तिथे झकास चाललं. मग तीच एसएसडी सेकंड जनरेशन आय५ च्या जुन्या पीसीत लावली, तर गिट चालवलं की 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन', पॅकेज मॅनेजरचंही तेच, म्हणजे ज्याने दुरुस्त करायचं तोच आडवा पडलेला. शेवटी लाइव्ह यूएसबीवरून बूट करून जुनी फाइल परत टाकली.

खरंतर याची सोय जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३३ पासून म्हणजे २०२१ पासून आहेच. लायब्ररीच्या फोल्डरात जीलिबसी-एचडब्ल्यूकॅप्स, त्याच्या आत एक्स८६-६४-व्ही३. तिथली कॉपी लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी शोधून जोडणारा) तेव्हाच उचलतो जेव्हा सीपीयूला एव्हीएक्स२, एफएमए वगैरे सगळं येतं, नाहीतर गपचूप साधी घेतो. म्हणून साध्या फाइलला हात लावायचाच नाही. आणि या फोल्डरसाठी नेटिव्ह नको, मार्चला व्ही३ च द्या, कारण माझ्या रायझनवर नेटिव्ह म्हटलं की एव्हीएक्स-५१२ (व्ही३ च्या पुढच्या इन्स्ट्रक्शन) पण घुसतं, मग नुसत्या व्ही३ वाल्या मशीनवर परत तोच क्रॅश.

सगळ्यात वाईट चूक मात्र एरर देत नाही. हाताने टाकलेली कॉपी पॅकेज मॅनेजरच्या गावीच नसते. अपडेट येतं, साधी झेडलिब नवी होते, पण लोडर आधी व्ही३ मध्ये बघतो त्यामुळे चालते जुनीच, सिक्युरिटी फिक्सशिवाय, आणि आपण निवांत. मला हे काही महिन्यांनी सहज एलडीडी (प्रोग्राम कुठली लायब्ररी कुठून घेतो ते दाखवणारी कमांड) मारलं तेव्हा पाथ बघून कळलं 🤦 त्यामुळे डिस्ट्रोचंच व्ही३ पॅकेज मिळत असेल तर तेच घ्या, ओपनसुसे टम्बलवीडमध्ये मिळतात.

हॅसवेल (इंटेलची चौथी जनरेशन) आहे म्हणजे एव्हीएक्स२ असणारच असंही धरू नका, त्यातल्या पेंटियम-सेलेरॉनमध्ये ते नाहीये. लोडरलाच हेल्प फ्लॅग देऊन चालवा, व्ही३ समोर 'सपोर्टेड' आलं तरच पुढे जा. व्हर्च्युअल मशीनमध्ये येत नसेल तर आधी सीपीयू टाइप 'होस्ट' करून बघा.

आणि मेमकॉपी (मेमरीतला डेटा कॉपी करणारं फंक्शन) फास्ट होईल म्हणून जीलिबसीच बदलायला जाऊ नका प्लीज, ती प्रोग्राम सुरू होतानाच सीपीयू बघून योग्य फंक्शन निवडते.