पिनकुशन बियांपासून लावताना या चुका टाळा

'बी उगवलंच नाही', 'वर्ष होत आलं तरी एक फूल नाही', 'थंडीत झाड बसलं.' बहुवर्षायू पिनकुशन, म्हणजे स्कॅबिओसा, लावणाऱ्यांच्या याच तीन तक्रारी मी वर्षानुवर्षं ऐकतो आहे. प्रत्येकजण बियाला दोष देतो. मी खोदून विचारतो, तेव्हा दहातल्या आठ वेळा घाई सापडते.

आधी पाकीट नीट वाचा. ॲट्रोपर्प्युरिया ही जात फुलं देऊन एका हंगामात संपते. वर्षानुवर्षं टिकणारी, फुलदाणीसाठी लांब देठांची जात म्हणजे कॉकेसिका. 'फामा' आणि 'परफेक्टा' हे तिचेच वाण, आणि ते बियांपासून चांगले येतात. 'क्लाइव्ह ग्रीव्ह्ज' या कॉकेसिकाच्याच वाणाचं बी धरून पेरलंत, तर हुबेहूब तीच फुलं मिळणार नाहीत; ते झाड गड्डा फोडून वाढवावं लागतं.

आता माझ्या जिव्हाळ्याची चूक, माती उकरून बघण्याची. या बियाला कागदासारखी झालर असते, ती काढायची गरज नाही. ओलसर, भुसभुशीत मिश्रणात तीन ते पाच मिलिमीटर खोल पेरा आणि अठरा ते वीस अंशांच्या आसपास ठेवा. काही बिया दहा दिवसांत वर येतात, काहींना तीन आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. सगळ्या एकदम कधीच येत नाहीत. एका वर्षी मी चाळीस कप्प्यांचा ट्रे पेरला होता. चौदाव्या दिवशी अकराच रोपं दिसली. धीर सुटला आणि काडीनं एकेक कप्पा उकरत गेलो. तिसऱ्याच कप्प्यात वाकलेला पांढरा कोंब होता, टोकाला झालर तशीच चिकटलेली. काडी लागली आणि तो मानेशी तुटला. तरीही मी आणखी दोन ओळी उकरल्या, आणि त्यातलं एकही रोप आलं नाही. शेवटच्या ओळीला हात लावला नव्हता, तिथली सहा रोपं पुढच्या दहा दिवसांत वर आली. तेव्हापासून ट्रेवर पेरणीची तारीख लिहितो आणि पाच आठवडे होईपर्यंत फक्त ओल तपासतो.

ट्रे सतत चिंब ठेवू नका, कोवळी रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात. मी पाणी खालून देतो.

दुसरी मोठी चूक म्हणजे रोप खोल लावणं. पानं जिथून फुटतात तो गाभा मातीच्या पातळीवरच राहिला पाहिजे. 'रोप डुलतंय' म्हणून लोक त्यावर माती चढवतात, वर पालापाचोळ्याचं आच्छादन गळ्यापर्यंत दाबतात. या झाडाला कडाक्याची थंडी सोसते, पण थंडीतली साचलेली ओल सोसत नाही. अशी मेलेली झाडं मी उपटून पाहिली आहेत: खाली मुळं पांढरी, शाबूत, आणि गाभा बोटानं दाबला की तपकिरी लगदा. जमीन चिकट असेल, तर वाफा उंच करा आणि भरड वाळू मिसळा. आम्लधर्मी जमिनीत थोडा चुना घाला. दोन रोपांत तीसेक सेंटिमीटर अंतर ठेवा.

सावलीत लावू नका.

पहिल्या वर्षी फुलं नाहीत म्हणून युरिया टाकणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: थांबा. हे झाड पहिलं वर्ष मुळांत घालतं. लवकर पेरलं तर हंगामाच्या शेवटी चार फुलं मिळतील, खरा बहर दुसऱ्या वर्षी. नत्र जास्त झालं की पानं माजतात आणि देठ लुळे पडतात. मी लावताना मूठभर कुजलेलं शेणखत देतो, पुढे वर्षभर काही नाही.

फुलदाणीसाठी फूल पूर्ण उमलायची वाट बघणं हीही चूकच. बाहेरच्या पाकळ्या पसरल्या आणि मधल्या कळ्या अजून हिरव्या, घट्ट मिटलेल्या आहेत, अशा वेळी सकाळी कापा. मधले टाचण्यांसारखे केसर बाहेर येऊन पराग सुटायला लागले, की पाकळ्या लवकर गळतात. आणि देठ अर्ध्यावर छाटू नका. कात्री थेट खाली, पानांच्या झुबक्यापर्यंत न्या, नाहीतर पुढचे देठ आखूड येतात. सुकलेली फुलंही तशीच तळापासून काढा. माझ्या वाफ्यात दर तीन-चार दिवसांनी ही फेरी होते.